रगुएलाने लपविले नाही

जन्मापासून आंधळा असलेला एक मनुष्य वाटेवर दिसला, तेव्हा शिष्यांनी प्रभू येशूला विचारलेला प्रश्न संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात नोंदलेला आहे. पाप कोणाचे, या माणसाचे की याच्या आईबापांचे, असा तो प्रश्न. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. प्रायश्चित्तकाळात हा उतारा आपण कित्येकदा ऐकला, त्यावरील प्रवचनेही ऐकली. परंतु तो प्रश्न काही आपल्या ओसरीवरून उठून गेलेला नाही. फक्त त्याचे शब्द बदलले. पूर्वी लोक 'पाप' म्हणत, आता 'घराण्यातच आहे' असे म्हणतात, आणि म्हणताना आवाज तसाच खाली येतो.

गोंदियात आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. भाताच्या गिरणीत त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिला. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून दिवेलागणीनंतर ते अडखळत. शेतावरून परतताना बांध सुटे, सायकल खड्ड्यात जाई. घरच्यांनी पालेभाजी, पपई, गाजर यांचा मारा केला. त्यात त्यांची चूक नव्हती, कारण 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो आणि तो अशा आहाराने बरा होतो. यांचा मात्र झाला नाही. तिशीत नागपूरला एका डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासले आणि 'रेटिनायटिस पिगमेन्टोसा' असे नाव सांगितले. आजार उपजत आहे, दृष्टी हळूहळू आखडत जाईल, यावर इलाज नाही, हेही सांगितले. गृहस्थ घरी आले, देवघरासमोर बसले आणि पुढची बावीस वर्षे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाची पायरी चढले नाहीत. जे घराण्यातच आहे त्याला डॉक्टर काय करणार?

बावीस वर्षांनंतर एका रात्री उजव्या डोळ्यात आणि कपाळात असह्य कळा सुरू झाल्या, ओकाऱ्या झाल्या. घरात सर्वांना पित्त वाटले. चार दिवस पित्ताच्या गोळ्या झाल्या. पाचव्या दिवशी डोळा लालबुंद झालेला पाहून कोणीतरी नागपूरला नेले, तेव्हा डोळ्यातील दाब भयंकर चढलेला आढळला. तो काचबिंदू होता. दाब उतरविला, पण उजव्या डोळ्यात उरलासुरला जो उजेड होता तो परत आला नाही. डाव्या डोळ्याच्या बुबुळात लेसर किरणांनी बारीकसे छिद्र पाडून तो वाचविण्यात आला. त्या वेळी डॉक्टर जे बोलले ते गृहस्थांनी आम्हाला जसेच्या तसे सांगितले: पहिल्या आजाराने तुमची दृष्टी अजून बरीच वर्षे घेतली नसती, ही दुसऱ्याने घेतली, आणि दुसरा आपल्याला अडविता आला असता.

आमच्या मनातून हे वाक्य गेले नाही. त्याचा अर्थ लावण्यासाठी डोळ्यात काय घडते ते थोडे समजून घ्यावे लागेल. वाचकांनी या दोन-तीन परिच्छेदांत आम्हाला सांभाळून घ्यावे.

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून जे पातळ अस्तर आहे त्याला दृष्टिपटल म्हणतात. ते कागदासारखे पातळ असले तरी त्यात पेशींचे अनेक थर आहेत. अगदी बाहेरच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकी दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी, त्या अंधूक उजेडात काम करतात. शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख, त्या दिवसाउजेडी रंग आणि बारकावे दाखवितात. आतल्या थरातील पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. दहा-बारा लाख तंतूंची ही दोरी मेंदूपर्यंत निरोप पोहोचविते. रेटिनायटिस पिगमेन्टोसा या आनुवंशिक रोगात बाहेरच्या थरातील दंडाकार पेशी आधी मरतात, म्हणून प्रथम रात्र जाते आणि मग बाजूची नजर. शेवटी नळीतून पाहिल्यासारखे मध्यभागचे तेवढे दिसते. सुमारे चार हजारांत एकाला हा रोग होतो आणि ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकातील दोष त्याला कारणीभूत ठरू शकतो. काचबिंदूत मरतात त्या आतल्या थरातील पेशी आणि त्यांचे तंतू, बहुधा डोळ्यातील पाण्याचा दाब वाढल्यामुळे. तेथेही आधी जाते ती बाजूचीच नजर. म्हणजे एकाच पडद्याला दोन टोकांकडून कसर लागते आणि समोर बसलेल्या माणसाला दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखा दिसतो.

पहिल्याच्या आड दुसरा लपतो तो या सारखेपणामुळेच. ज्याची बाजूची नजर अगोदरच गेली आहे त्याची आणखी थोडी गेली, तर ती पहिल्याच रोगाच्या नावावर मांडली जाते. नसेचा फिकेपणाही दोहोंत येतो. शिवाय हे दोन रोग केवळ योगायोगाने एका घरात येतात असेही नाही. रेटिनायटिस पिगमेन्टोसाच्या रुग्णांत कोन बंद होऊन होणारा काचबिंदू इतर लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, असे तैवानमधील एका मोठ्या पाहणीत दिसून आले आहे. डोळ्यातील भिंगाला धरून ठेवणारे धागे सैल पडून ते पुढे सरकणे हे त्याचे एक कारण सांगतात. काही थोड्या घराण्यांत तर एकाच जनुकाच्या दोषाने डोळा मुळातच लहान राहतो आणि दृष्टिपटलही झिजते. अशा लहान डोळ्यात पाण्याची वाट बंद होण्याचा धोका मोठा. त्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज उतरविण्यासाठी स्टेरॉईडची औषधे वापरावी लागली तर त्यांनीही कित्येकांचा दाब चढतो. आनुवंशिक रोगाला आजही सरसकट औषध नाही. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत एका जनुकाच्या दोषापुरती उपचारपद्धती मान्य झाली, तिची दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली होती. आमच्या गृहस्थांना तिचे काय होय! पण काचबिंदूचे थेंब तालुक्याच्या दुकानात मिळतात.

भाषेनेही येथे आपला थोडा घात केला आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावांसारखी. मोतीबिंदू पिकला की काढायचा, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक. म्हणून काचबिंदूही पिकण्याची वाट पाहत बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मधील एक अंदाज आहे, आणि पाहण्यांमध्ये असे दिसते की त्यांतील बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या गृहस्थांचे चुकले काय? ते आळशी नव्हते, अंधश्रद्धही नव्हते. दर रविवारी मिस्साला येणारा, मुलांना शिकविणारा हा माणूस. त्यांना एक गोष्ट खरी सांगितली गेली होती, की त्यांचा रोग वंशाचा आहे आणि त्याला इलाज नाही. या खऱ्या गोष्टीतून त्यांनी आणखी एक गोष्ट काढली, जी खरी नव्हती: की आता डोळ्यांविषयी आपले काही कर्तव्य उरले नाही. पहिलीचा स्वीकार ही श्रद्धा होती. दुसरीला मात्र आम्ही श्रद्धा म्हणणार नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि परमेश्वराची इच्छा हे शब्द दोन्हीकडे सारखेच बसतात. त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्हीही रक्तदाबाच्या गोळ्या अशाच एका शरणागतीने दोन वर्षे टाळल्या होत्या.

जुन्या करारात या विचाराशी झगडा झालेला आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशा अर्थाची म्हण इस्राएलात रूढ होती. यिर्मया आणि यहेज्केल हे दोघेही संदेष्टे तिच्यावर तुटून पडले. यहेज्केलचा संपूर्ण अठरावा अध्याय या एका म्हणीविरुद्ध आहे. बापाचा दोष मुलाच्या माथी नाही आणि मुलाचा बापाच्या माथी नाही, हे तो परोपरीने सांगतो. येथे कोणी म्हणेल, की विज्ञानाने तर ती म्हण खरी ठरविली; द्राक्षे बापाने खाल्ली नसतील, पण आंबलेले दात त्याच्याकडूनच आले. खरे आहे. परंतु यहेज्केल दातांविषयी बोलत नव्हता. म्हण उच्चारणारे लोक तिच्या आधाराने हातपाय गाळून बसले होते, ते त्याला सहन होत नव्हते. वंशाचा नियम आपल्याला प्रथम दाखविला तो ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने. वाटाण्याच्या वेलींवरचे आपले प्रयोग त्याने १८६५ मध्ये वाचून दाखविले आणि १८६६ मध्ये छापले. त्याच्या वाटाण्यांत पाप कोठेच नाही; आहे तो हिशेब. एका पिढीत न दिसलेला गुण पुढच्या पिढीत चारांत एक या प्रमाणात पुन्हा दिसतो. आईबाप दोघेही निरोगी आणि मुलाला रोग, हे ज्या घरात घडते तेथे हा हिशेब समजणे हीच मोठी क्षमा असते, कारण मग नवरा बायकोकडे आणि बायको नवऱ्याकडे बोट दाखवीत नाही.

योहानाच्या त्या अध्यायातही प्रभूने नुसते उत्तर देऊन माणसाला सोडले नाही. त्याने चिखल केला, डोळ्यांवर लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुण्यास सांगितले. डोळ्यांवर चिखल घेऊन आंधळ्याला चालत जावे लागले. आम्हाला तो रस्ता गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीसारखा वाटतो.

गोंदियाचे नाव आम्ही उगाच घेतलेले नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा भाताचा आणि तळ्यांचा जिल्हा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल आणि गोंड वस्ती. या जिल्ह्याचा आणि शेजारच्या गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, नागपूरचा एक स्वतःचा आनुवंशिक आजार आहे, सिकलसेल. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला आणि १९५८ पर्यंत नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयी लिहिले होते. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच दुवा बदललेला असतो, आणि प्राणवायू कमी पडला की गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक नसांत अडकतात, म्हणून सांधे दुखतात, छातीत कळा येतात. दृष्टिपटलाच्या कडेलाही त्या अडकतात. मग तेथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात, रक्तस्राव होतो, कधी पडदा सुटतो. वंशाने आलेला आणि दृष्टिपटल बिघडविणारा आजार या जिल्ह्यात शोधायचा तर तो हाच.

आणि काचबिंदूशी त्याचे जे नाते आहे ते फारच कमी लोकांना ठाऊक आहे. ज्याच्यात एकच सदोष जनुक आहे त्याला वाहक म्हणतात. वाहक धडधाकट असतो, मळणी करतो, कबड्डी खेळतो, स्वतःला रोगी मानत नाही आणि मानण्याचे कारणही नाही. पण समजा विटीदांडू खेळताना विटी डोळ्यावर बसली आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात थोडेसे रक्त साकळले. इतर कोणाच्या डोळ्यातून ते रक्त बहुधा हळूहळू निघून जाते. वाहकाच्या डोळ्यात मात्र त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पाणी निघून जाण्याच्या जाळीत अडकतात आणि दाब चढतो. त्याच्या नसेला थोडा वाढलेला दाबही सोसत नाही. त्यात आणखी एक अडचण: दाब उतरविण्यासाठी नेहमी देतात त्या असिटाझोलामाइड या गोळ्या रक्तातील आम्लता वाढवितात, आणि आम्लता वाढली की पेशी अधिकच वाकतात. म्हणजे डॉक्टरांनी शुद्ध हेतूने दिलेले औषध येथे उलटू शकते. त्यांना हे कळायचे कसे? रुग्णाने किंवा त्याच्या आईने 'आमच्या घरात सिकल आहे' हे चार शब्द बोलले तर. ती जर शेजारच्या खाटेवरील बाईने ऐकू नये म्हणून गप्प बसली, तर मुलाचा डोळा त्या चार शब्दांसाठी जातो.

या ठिकाणी आमचा विषय वैद्यकातून बाहेर पडून नीतीत येतो. जे माझ्या रक्तात आहे ते माझे एकट्याचे आहे काय? जमीन माझी, घर माझे, पाप तर नक्कीच माझे. ते मी धर्मगुरूच्या कानात सांगेन आणि ते तेथेच राहील. पण जनुक मला ज्यांनी दिले त्यांच्याकडे ते आधीपासून होते, आणि माझ्या भावंडांनाही त्याचा वाटा मिळालेला असू शकतो. मला काचबिंदू निघाला तर माझ्या सख्ख्या भावाबहिणींना तो असण्याचा संभव इतरांपेक्षा कित्येक पटींनी वाढतो. वडिलांच्या शेताच्या वाटणीचा कागद मी भावापासून लपवून ठेवला तर तो कोर्टात जाईल आणि धर्मग्रामातील सर्व लोक त्याची बाजू घेतील. डोळ्यांच्या वाटणीचा कागद मी लपविला तर कोणी काही म्हणणार नाही. आम्हाला यात तोल दिसत नाही.

अर्थात माणसे का लपवितात ते आम्ही जाणतो. त्या जन्मांधाच्या आईबापांना परुश्यांनी बोलाविले तेव्हा त्यांनी काय केले? मुलगा आमचा, तो आंधळा जन्मला, एवढे कबूल केले. पुढचे विचारल्यावर तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, म्हणून अंग काढून घेतले. शुभवर्तमानकार लिहितो की ते सभास्थानातून बहिष्कृत होण्याला भीत होते. केवढे ओळखीचे आईबाप आहेत हे! आपल्याकडे बहिष्काराचे नाव वेगळे आहे: मुलीचे लग्न जमणार नाही.

आमच्या त्या गृहस्थांना एक धाकटी बहीण आहे. तिलाही लहानपणापासून रात्री दिसत नसे. तिचे स्थळ आले तेव्हा पाहण्याचा कार्यक्रम मुद्दाम सकाळी दहा वाजता ठेवण्यात आला. सासरी गेल्यावर तिने कित्येक वर्षे संध्याकाळची कामे दुपारीच उरकली, आणि रात्री कोणी हाक मारली तर झोपेचे सोंग घेतले. नवऱ्याला पुढे कळले. तो भला माणूस निघाला, त्याने काही बोलून दाखविले नाही; पण आपण फसवले गेलो, हे त्याच्या मनात राहिले आणि आपण फसवले, हे तिच्या. भावाला डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले तेव्हा तरी त्यांनी बहिणीला कळवायचे होते. कळविले असते तर लग्नात दडविलेले उघड झाले असते, म्हणून कळविले नाही. एका मौनाला दुसरे मौन राखणीला लागते.

ख्रिस्तसभेने या बाबतीत काय म्हटले आहे, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये चुलत, मामे, आते भावंडांच्या लग्नाला अडथळा मानलेला आहे, १०९१ वे कलम ते. त्यातून सूट मिळू शकते, आणि ती मागणारे आपल्याकडे पूर्वी कमी नव्हते. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या समाजात आपण राहतो. परंतु जवळच्या रक्तात तेच सदोष जनुक दोहोंकडे असण्याचा संभव वाढतो, हे त्या अडथळ्याला आता मिळालेले आणखी एक कारण आहे. १०९८ वे कलम याहून बोचरे आहे. संमती मिळविण्यासाठी जोडीदाराला मुद्दाम फसविले, आणि ती फसवणूक सहजीवन गंभीरपणे विस्कळीत करील अशा एखाद्या गुणाविषयी असली, तर ते लग्न मुळातच अवैध ठरते. आनुवंशिक अंधत्व यात बसते की नाही, ते प्रत्येक प्रकरणात धर्मप्रांताच्या न्यायालयाने ठरवायचे. आम्ही येथे कायद्याची धमकी देत नाही. लग्नातली संमती सत्यावर उभी असावी ही अपेक्षा त्या कलमामागे आहे, एवढेच दाखवायचे आहे.

मग दोष असलेल्यांनी लग्नच करू नये काय? येथे पोप बारावे पायस यांनी ७ सप्टेंबर १९५३ रोजी आनुवंशिकीच्या तज्ज्ञांसमोर केलेले भाषण आम्हाला फार मोलाचे वाटते. जड वारसा असलेल्यांना तो आपल्यावर, जोडीदारावर आणि मुलांवर केवढा भार टाकील हे सांगणे योग्य, बहुतेक वेळा कर्तव्यच आहे, असे ते म्हणाले. पण परावृत्त करणे म्हणजे मनाई करणे नव्हे, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. पाच वर्षांनी, १९५८ च्या सप्टेंबरात, रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञांपुढे ते पुन्हा याच विषयावर बोलले. त्याच्याही आधी, १९३० च्या शेवटच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी सत्तेने अशा माणसांचे लग्न रोखणे व त्यांची शस्त्रक्रिया करणे यांचा निषेध केला होता. हा निषेध पोकळ नव्हता. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यातील आजारांच्या यादीत आनुवंशिक अंधत्व स्पष्ट शब्दांत आहे. आमचे गृहस्थ आणि त्यांची बहीण त्या देशात असते तर डॉक्टरांनी सांगितलेले तेच नाव घेऊन त्यांना कोठे नेले असते, ते सांगायला नको. म्हणून लपविणाऱ्याला केवळ भित्रा म्हणणे आम्हाला जमत नाही. वंशाची माहिती ज्याच्या हाती गेली त्याने तिचे काय केले, याचा इतिहास चांगला नाही. आजही गर्भाची तपासणी होते ती पुष्कळदा बाळाला सांभाळण्यासाठी नसते, नाकारण्यासाठी असते, आणि तेथे ख्रिस्तसभेची वाट वेगळी आहे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार संपविण्याचे उद्दिष्ट आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे, आणि तपासलेल्यांना कार्डे दिली जात आहेत. लग्नाआधी दोघांनी कार्डे पाहावीत अशी त्यामागची कल्पना. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक मूल रोगी, दोन वाहक आणि एक मोकळे, असा संभव असतो. कल्पना उत्तम आहे. पण 'निर्मूलन' या शब्दापाशी आम्ही अडखळतो. आजाराचे निर्मूलन करताना आजाऱ्याचे होऊ नये, याची काळजी कार्ड घेत नाही, ती आपल्याला घ्यावी लागते. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात अंधत्व, अल्पदृष्टी आणि सिकलसेल हे तिन्ही नोंदलेले आहेत, ही समाधानाची गोष्ट. सवलतीसाठी तरी माणसाला आपले नाव उघड करण्याचे धैर्य येते.

कोणाला सांगावे आणि कोणाला नाही, याबाबत आमचे मत असे झाले आहे. भावंडांना आणि वयात आलेल्या मुलांना सांगावे, कारण वाटा त्यांचाही आहे. डॉक्टरांना न विचारता सांगावे. ज्याच्याशी लग्न ठरत आहे त्याला साखरपुड्याच्या आधी सांगावे, नंतर नव्हे. धर्मग्रामाला, शेजाऱ्यांना, मध्यस्थांना सांगण्याचे मात्र काही कारण नाही. आणि ज्याला कळले त्याने ते दुसऱ्या घरी नेणे हे आमच्या मते लपविण्याहून मोठे पाप आहे. एका बाबतीत आमचा निर्णय अजून होत नाही. अठरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला रात्री चांगले दिसते, पण घराण्यात रोग आहे. तो म्हणतो, मला तपासणी नको, जे ज्या दिवशी येईल ते त्या दिवशी पाहू. दृष्टिपटलाच्या रोगाला औषध नसताना त्याला बळेच त्याचे उद्या दाखविण्याचा हक्क कोणाला आहे? आम्हाला वाटते, कोणालाच नाही. तरी डोळ्यातील दाब तपासून घे, एवढे तर त्याला म्हणता येईलच. तेथे औषध आहे.

तोबिताच्या पुस्तकाविषयी लिहिल्यावाचून आम्हाला थांबवत नाही. प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये ते नसते, आणि आपल्या बायबलमध्ये असूनही कोणी उघडत नाही. तोबित आंधळा होतो तो पाखरांची विष्ठा डोळ्यांत पडून. वैद्यांच्या मलमांनी त्याचे डोळे उलट अधिकच बिघडतात, आणि शेवटी मुलगा तोबिया राफाएल देवदूताच्या सांगण्यावरून माशाचे पित्त लावून बापाची दृष्टी परत आणतो. डोळ्यांच्या गोष्टीसाठी हे पुस्तक लोक सांगतात. आम्हाला त्यातील दुसरेच पात्र अधिक जवळचे वाटते, ते म्हणजे मुलीचा बाप रगुएल. त्याच्या सारा या मुलीची सात लग्ने झाली होती आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले होते. आठवे स्थळ म्हणून तोबिया दारात उभा आहे, नात्यातला, सुशील, मुलगी मागतो आहे. याहून चांगली संधी कोणत्या बापाला मिळणार? आणि रगुएल त्याला जेवायला बसवितो, आणि जेवणाआधीच सांगून टाकतो की बाबा रे, हिला मी सात जणांना दिली होती, ते सातही गेले. तोबिया ऐकतो आणि म्हणतो, ठरल्याशिवाय मी घास घेणार नाही. त्या रात्री रगुएल घाबरून अंगणात एक खड्डाही खणून ठेवतो. श्रद्धा आणि भीती एकाच माणसात इतक्या मोकळेपणी नांदताना आम्ही अन्यत्र पाहिल्या नाहीत. खड्डा खणला खरा, पण सत्य आधी सांगितले होते.

आमच्या गृहस्थांनी गेल्या दिवाळीत बहिणीला पत्र लिहून घेतले. स्वतःला लिहिता येत नाही, म्हणून मुलीने लिहिले. त्यात रोगाचे नाव होते, काचबिंदूचे होते, आणि सकाळी दहाच्या कार्यक्रमाचेही होते. बहिणीचा नवरा पत्र घेऊन स्वतः गोंदियाला आला. नाताळनंतर बहीण, तिची दोन्ही मुले आणि गृहस्थांची मुलगी अशी चौघे नागपूरला जाऊन डोळे दाखवून आली. बहिणीच्या डोळ्यांतील कोन अरुंद निघाला. तिला दोन्हीकडे लेसर झाले. मुलांचे सध्या ठीक आहे, वर्षाने पुन्हा बोलाविले आहे. परतीची गाडी रात्रीची होती, आणि गोंदिया स्टेशनच्या जिन्यावर तिने पहिल्यांदाच सर्वांसमोर नवऱ्याला म्हटले, हात द्या, मला दिसत नाही.